छातीत कळ आलीच नाही

पहाटेचे साडेपाच. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्यात. कुणाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. खरं सांगायचं तर या मंडळींची काळजी जरा कमीच. जास्त काळजी आहे ती गोदावरीपलीकडे, पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणाऱ्यांची. रात्रीचं जागरण, गालात तंबाखू, आणि बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवतही नाही.

आता सातपूरला जाऊ. इथल्या एका मावशींना बारा वर्षांपासून शुगर आहे. एका दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, दम लागला, मळमळलं. छातीत कळ नव्हती, म्हणून घरच्यांनी ॲसिडिटी समजून सोडा पाजला. रात्री ईसीजी काढला तेव्हा कळलं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही ना, तसंच हृदयाचं दुखणंही जाणवत नाही. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर कधी जबडा दुखतो, कधी पाठ, कधी नुसता थकवा. अशा माणसाला अचानक घाम आणि दम आला, तर आधी १०८ ला फोन. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासाभरात मिळालं तर सर्वात जास्त उपयोगी पडतं. बारा तास उलटले की त्याचा फारसा फायदा उरत नाही.

मावशींना बीपीचीही गोळी होती. ‘नॉर्मल आलं’ म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केली होती. बीपी नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच! निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पान स्वच्छ दिसतंय म्हणून ढगाळ हवेत डाऊनी रोगावरची फवारणी कोण थांबवतो?

बीपीसाठी मीठ कमी करणं मात्र सगळ्यांनाच जड जातं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात भाजी-आमटी आली, लोणचं आलं, आणि मिसळीबरोबरचा पापडही आला.

मावशींची गोळी आता चहाच्या डब्याला टेकून असते. लोणच्याची बरणी सुनेनं माळ्यावर टाकलीये. रविवारची मिसळ अजून चालू आहे, पापड मात्र नातवाच्या ताटात जातो.