गाडी कधी चालू होते, कधी नाही? बॅटरी बदलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका.

[किल्ली फिरवतो.]

टिक्. बस्स, एवढंच. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला झटका देणारी मोटर, फिरतच नाही. आता परत मारतो... झाली चालू! मी काहीही केलेलं नाही. आणि गॅरेजच्या दारात नेली, की ही बया दहा वेळा मारा, दहाही वेळा चालू होणार. वायरमन आपल्याकडे असा बघतो, जणू आपणच थापा मारतोय.

ही माझी सेकंड हँड हॅचबॅक, अकरा वर्षं जुनी. घेऊन महिना व्हायच्या आत हा खेळ सुरू झाला. पहिल्या गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली. दुसऱ्याने सेल्फ उतरवून आतले कार्बन, म्हणजे मोटरला करंट देणारे ब्रश, बदलले. पैसे गेले, टिक् तशीच राहिली.

मग मी गाडीत एक वही ठेवली. हसू नका. कधी अडली, किती वेळ चालवल्यावर, पाऊस होता का, एसी लावलेला होता का, सगळं लिहायचं. दोन आठवड्यांनी वही वाचली तर सकाळी एकदाही अडली नव्हती. अर्धा तास चालवून पेट्रोल पंपावर बंद केली, की हमखास. म्हणजे गाडीला लहर येत नव्हती, तिला गरम व्हायला लागत होतं. आणि गॅरेजमध्ये ती उभी राहून राहून थंड झालेली असायची!

आता मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर. साधा चालतो, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. माझी दोन्हीत पास. पण खरी मजा पुढे आहे. गाडी गरम करून, टिक् येत असतानाच मी बॅटरीवर मीटर धरला. बॅटरी कमजोर असती, तर आकडा धाडकन नऊच्या खाली आला असता. इथे तो बारावरच! म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, पण करंट वाटेतच कुठेतरी अडतोय.

वाटा दोन. एक जाड तार प्लसकडून सेल्फला जाते. आणि परतीची वाट, इंजिन-गिअरबॉक्सच्या अंगातून अर्थिंगच्या पट्टीवरून (बारीक तारांची जाड पट्टी) बॅटरीच्या मायनसला. लोक पहिली तपासतात, दुसरी विसरतात. तर एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर टेकवा. खुंटीवर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच, कारण क्लॅम्पखालीसुद्धा बिघाड असू शकतो. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात इंजिनच्या फिरणाऱ्या बेल्टपासून लांब. आता दुसऱ्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा, 0.2 असेल तर उत्तम. माझ्याकडे आला पाचच्या वर. सापडला चोर!

इथे एक फसगत सांगतो, मीही फसलो होतो. मीटर ओहमवर, म्हणजे तारेचा अडथळा मोजायच्या खुणेवर, ठेवून तीच अर्थिंगची पट्टी तपासली, तर शून्य दाखवतो, एकदम ठणठणीत. कारण ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. पन्नास तारांतली एकच धड असली तरी तो खूश. सेल्फला मात्र शंभर अँपिअरच्या पुढे लागतो, तो त्या एका तारेतून कसा जाणार? म्हणून मोजायचं ते काम चालू असतानाच.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या धातूला. अडलेली गाडी लगेच चालू झाली, तर अर्थिंगच.

हाच दोष मागच्या दिव्यातही दिसतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो किंवा भलताच दिवा पेटतो. परतीची वाट बंद झाल्यावर करंट शेजारच्या दिव्यातून घुसून घरी जातो. बल्ब बदलत बसू नका.

पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक दार एका ठरावीक कोनात असतानाच चालत असेल, तर दाराच्या सांध्यातली रबरी नळी ओढून बघा. उघडझाप करून करून आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. फक्त पावसाळ्यात होत असेल, तर वायपरखालची पाण्याची वाट पानांनी तुंबलेली असू शकते, आणि पाणी आत वायरिंगवर टपकतं. आणि आधीच्या मालकाने बसवलेला म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेले जॉइंट... त्यावर वेगळा व्हिडिओच करावा लागेल. पिवळ्या कपलरला, म्हणजे वायर जोडायच्या प्लगला, मात्र हात लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात.

माझी पट्टी सोडवली, तर गिअरबॉक्सकडच्या बोल्टखाली गंज आणि ऑइलचा थर. पॉलिश पेपरने घासलं, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. मग आधीच्या मालकाला फोन केला. म्हणाला, "विकायच्या आधी क्लच प्लेट टाकली होती ना!" म्हणजे गिअरबॉक्स उतरवला होता, आणि पट्टी तशीच घाणीवर बसवून दिली होती. आता कुठलीही जुनी गाडी बघायला गेलो, की किलोमीटरच्या आधी मी हेच विचारतो: गिअरबॉक्स कधी उतरवला होता का?