लग्नात दार कोण लावतं?

नमस्कार मंडळी. चहाचा कप घेऊन बसला असाल तर उत्तम, नसेल तर आणा, मी थांबतो. आज गप्पाच मारायच्यात. पुस्तकावरून सिरियल निघाली की बघणाऱ्यांचं काय होतं, हा विषय आहे आणि सिरियल म्हणजे अर्थातच गेम ऑफ थ्रोन्स, राजगादीसाठीच्या मारामाऱ्यांची. याहून जास्त सांगत बसत नाही, शेवटच्या सीझनला तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं पोरगं सोमवारी सकाळी साडेसहाला अंघोळ न करता मोबाईल लावून बसलेलं तुम्ही पाहिलंच असेल.

तर थोडक्यात. जॉर्ज मार्टिन यांच्या ज्या पुस्तकांवरून ती निघाली त्यातलं पहिलं आलं १९९६ला, सिरियल सुरू झाली २०११च्या एप्रिलमध्ये. म्हणजे बघणाऱ्यांच्या पहिल्या दिवसापासून दोन जाती, वाचलेले आणि न वाचलेले. वाचलेल्याला सगळं माहीत असतं, न वाचलेल्याला काहीच माहीत नसतं, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असतात. हे लक्षात ठेवा, सोफा एकच.

आता किस्सा. जून २०१३. आम्ही तिघं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर राहायचो, नुकताच पाऊस सुरू झालेला, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नव्हते. तिसऱ्या सीझनचा नववा भाग अमेरिकेत २ जूनला लागला आणि आमच्याकडे पेन ड्राइव्हवर आला, कुठून आला ते विचारू नका, रेडिओवर बोलतोय मी. वाचलेला मी एकटाच. म्हणजे त्या भागातल्या लग्नात काय होणार हे मला ठाऊक होतं, ते लग्न तिसऱ्या पुस्तकातलं, पुस्तक २०००चं, जगभरातल्या वाचकांनी १३ वर्षं तोंड दाबून ठेवलेलं. आणि आमच्यासारख्या नालायकांनी काय ठरवलेलं, की हा भाग बघताना आपण टीव्हीकडे बघायचंच नाही, मित्रांच्या तोंडाकडे बघायचं आणि मोबाईलवर शूट करायचं. तसे व्हिडिओ नंतर ढिगाने आले, एका अमेरिकन टॉक शोमध्ये खुद्द मार्टिनना बसवून दाखवले, म्हातारबाबा मजेत बघत होते.

तर मी मोबाईल उशीला टेकवून तयार. आणि नेमकी त्याच दिवशी एका मित्राची आई सांगलीहून आलेली. भडंग घेऊन. (भडंग सांगलीचंच, बाकीच्यांनी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.) काकू लसूण सोलत बसल्या, म्हणाल्या, "काय बघताय रे पोरांनो?" मी म्हटलं, "लग्न आहे काकू, मुलाच्या मामाचं." "मग बघते की."

इंग्रजी कळत नव्हतं त्यांना, पण लग्न कळत होतं ना. आम्ही सांगितलं की हा रॉब, राजा झालाय, याने त्या म्हाताऱ्याच्या मुलीशी लग्न करतो असा शब्द दिलेला आणि दुसरीशीच केलं, आता माफी मागून त्या म्हाताऱ्याच्याच घरी त्याच्या मुलीशी लग्नाला मामाला उभा केलाय. काकू म्हणाल्या, "म्हातारा विसरला नसणार." मी गप्प. मग आल्या आल्या भाकरतुकडा आणि मीठ देतात, म्हणजे आता तुम्ही आमचे पाहुणे, केसाला धक्का लागणार नाही. हे काकूंना एका वाक्यात समजलं, खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला काय शिकवायला हवं? उलटंच झालेलं तिथे, वाढणाराच फिरणार होता.

मग जेवणं झाली, दारू, गाणी, नवरा-नवरीला उचलून नेलं, दोघं मित्र खीखी हसतायत, त्यांना वाटलं चला एकदाचं काहीतरी चांगलं झालं. आणि मागे एक माणूस जाऊन हॉलचं दार लावतो. काही बोलत नाही, नुसतं लावतो. काकूंचा हात लसणावरच थांबला.

"लग्नात दार कोण लावतं रे?"

शप्पथ सांगतो, अंगावर काटा आला. बाजा बदलला, बापड्या कॅटलिनला, म्हणजे रॉबच्या आईला, रॉबच्याच सरदाराच्या, बोल्टनच्या बाहीखाली चिलखत दिसलं, पण आमच्या काकूंना दार लावतानाच कळलेलं.

आणि पुढची गंमत माझी झाली. पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला नसतेच. इथे होती, पोटुशी, आणि पहिला सुरा तिच्याच पोटात. हे मला माहीत नव्हतं! वाचलेला मी, सगळ्यांची तोंडं शूट करणारा मी, मीच ओरडलो, गुडघा लागला, मोबाईल जमिनीवर. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे, त्यात चार मिनिटं नुसता छताचा पंखा फिरतोय आणि काकूंचा आवाज येतोय, "मेल्यांनी जेवू घालून मारलं, जेवू घालून." शेवटी नावं आली ती म्युझिकशिवाय, आणि आमच्या खोलीत पण तेवढीच शांतता, फक्त पंखा.

बाकी काय, पुढे सिरियल पुस्तकांच्या पुढे निघून गेली. पाचवं पुस्तक २०११ला आलं, सहाव्याची वाट बघतोच आहोत, म्हणजे वाचलेले पण न वाचलेलेच झाले. सोफा एकच, पण आता सगळ्यांचीच तोंडं सारखी. २०१९ला एक लढाई इतकी अंधारात दाखवली की लोकांनी टीव्हीचं ब्राइटनेस वाढवून बघितलं, पुढच्याच भागात टेबलावर कॉफीचा कप राहिला, आणि शेवट आवडला नाही म्हणून सीझन परत बनवा अशा अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या. आता माझं मत विचाराल तर शेवट घाईचाच होता, पण परत बनवा काय, पोहे आहेत का ते, मीठ कमी झालं तर परत करायला? आणि पोह्यात साखर घालणाऱ्यांबद्दल एकदा वेगळा कार्यक्रम करणार आहे मी.

हां, काकूंचं राहिलं. सहाव्या सीझनच्या शेवटी त्या म्हाताऱ्याचा हिशोब झाला, रॉबच्या धाकट्या बहिणीने त्याला त्याचीच पोरं शिजवून वाढली आणि मग गळा चिरला. मी मुद्दाम सांगलीला फोन केला, सगळं रंगवून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या,

"आधी दार लावलं होतं का तिने?"

मला काही सांगता येईना. घ्या, गाणं ऐका.