बॅरलला कुलूप आणि त्यातून सापडलेले सिनेमे

सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यात माझ्या आत्याच्या दारात पाण्याचा एक निळा प्लास्टिकचा बॅरल असायचा, आणि त्या बॅरलला कुलूप. झाकणाला आणि काठाला भोकं पाडून तार ओवलेली, तारेत कुलूप, किल्ली आत्याच्या कमरेला. आम्ही सांगलीचे, कृष्णाकाठचे. सुट्टीला गेलो की ते कुलूप बघून मला हसू यायचं. टँकर कधी येईल याचा नेम नसतो, हे कळल्यावर हसू थांबलं.

नमस्कार मंडळी. पाणी हा तेव्हापासून माझा विषय. त्यावरचा सिनेमा किंवा कादंबरी दिसली की मी सोडत नाही. तुमचा विषय वेगळा असेल, भावकी असेल, कुस्ती असेल, घर सोडून गेलेला मुलगा असेल. तो घेऊन सिनेमे आणि कादंबऱ्या शोधायच्या कशा, ते आज बघू.

मी सुरुवातीलाच एक घोळ घातला. नुसतं ‘पाणी’ शोधत बसलो. मग काय मिळतं? जहाज बुडतंय, शार्क येतोय, हिरो-हिरॉइन पावसात भिजतायत. पाणी सगळीकडं, माझा विषय कुठंच नाही. कारण ‘पाणी’ हे नुसतं नाम झालं. त्याला क्रियापद जोडा आणि प्रश्न करा. माझा प्रश्न आत्याच्या दारातच होता: पाण्याला कुलूप कोण लावतं?

आता बघा काय काय एका रांगेत येऊन बसतं. १९७४ चा ‘चायनाटाउन’, अमेरिकन गुप्तहेरपट. गावात पाण्याची टंचाई आणि रात्री कुणीतरी पाणी गुपचूप सोडून देतंय. २०११ चा ‘रँगो’, सरड्याचं कार्टून! त्यातल्या बँकेच्या तिजोरीत पैसे नाहीत, पाण्याचा जार आहे. २०१५ चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, तिथला हुकूमशहा उंच कड्यावरून पाणी सोडतो आणि लोक खाली भांडी घेऊन झोंबतात. हे तिन्ही कुठल्याही यादीत शेजारी दिसणार नाहीत. एक रहस्यपट, एक लहान मुलांचा, एक हाणामारीचा. प्रश्न मात्र एकच.

या रांगेतला माझा सगळ्यात लाडका म्हणजे १९८६ चा फ्रेंच सिनेमा ‘जाँ द फ्लोरेत’. शहरातला एक माणूस वारशानं मिळालेली जमीन कसायला गावी येतो. त्या जमिनीत झरा आहे. शेजारच्या चुलत्या-पुतण्याला ती जमीन हवी असते, म्हणून तो येण्याआधीच त्यांनी झरा बुजवलेला असतो. हा बिचारा डोंगरातून पाणी वाहून आणतो, आणि गावाला सगळं ठाऊक असून कुणी बोलत नाही. बांधावरची भांडणं बघितलेल्या माणसाला सबटायटलची गरज पडू नये. मूळ लेखक मार्सेल पॅन्योल. गंमत म्हणजे या गोष्टीचा पुढचा भाग त्यानं १९५२ मध्ये आधी सिनेमा म्हणून केला आणि कादंबरी दहाएक वर्षांनी लिहिली. म्हणून श्रेयनामावली वाचत जा. ‘अमुक कादंबरीवर आधारित’ एवढी एक ओळ दिसली की पुढचं दार उघडतं.

इथं माझी एक गोची झाली. ‘बनगरवाडी’ कुठं ठेवायची? व्यंकटेश माडगूळकर म्हणजे आपल्या आटपाडी भागातले. कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा. शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढरं घेऊन वाडी उठते. पण तिथं कुलूप लावणारा कुणीच नाही! पाणीच नाही तर कुलूप कशाला? म्हणजे माझे विषय दोन होते. पाणी नाही, हा एक. पाणी आहे पण मिळत नाही, हा दुसरा. पुस्तक रांगेत बसेना, तेव्हा रांगच चुकली होती.

आपल्या जिल्ह्यानं दोन्ही बघितलंय, वर तिसरंही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला कृष्णेच्या पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कृष्णेच्या पुरानं सांगलीत बोटी फिरवायला लावल्या.

आता शोधायची जागा. इंटरनेट मूव्ही डेटाबेसवर प्रत्येक सिनेमाखाली कथानकाचे कीवर्ड असतात, तिथून एकाकडून दुसऱ्याकडं जाता येतं. कादंबरीला मात्र वाचनालयच बरं. कपाटं लेखकाच्या नावानं लावलेली असतात, विषयानं नाही, त्यामुळं देवघेवीच्या टेबलापाशी तोंडानं विचारायचं. आणि तिथंही प्रश्नच विचारा.

एआयला विचारलं तर? विचारा, पण पडताळा. मला एका एआयनं मराठी कादंबरीचं नाव दिलं, लेखक दिला, साल दिलं. मी ऐटीत वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी रजिस्टर चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अहो, हे पुस्तक अजून लिहायचं राहिलंय.”

त्याच बाईंनी मग प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ हातात ठेवली. चार-पाच पानांची हिंदी गोष्ट. घरातलं पाणी घाण, म्हणून आजारी नवऱ्याला चांगलं पाणी मिळावं यासाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर चोरून जाते, जातीमुळं तिला तिथं मनाई असते. घागर वर येते, तेवढ्यात ठाकुराचं दार उघडतं. दोर हातातून सुटतो, ती जीव घेऊन पळते. घरी येऊन बघते तर नवरा तेच घाण पाणी पितोय. पुढं एक शब्द नाही. तिथं कुलूप दिसत नाही, तरी आहे.

कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागात नेणाऱ्या म्हैसाळ योजनेचं पाणी आता जतच्या काही भागात पोचलंय. आत्या मात्र त्या बॅरलला अजून कुलूप लावते. आत ज्वारी आहे म्हणे.