पर्यायी ब्राउझर निवडताना आधी त्याचे इंजिन पाहा

नमस्कार. क्रोमऐवजी एखादा ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे असा, ब्राउझर वापरून पाहावा असे तुमच्या मनात असेल, तर आधी त्याच्या आत कोणते इंजिन आहे ते पाहा. वेबसाइटचा कोड वाचून पडद्यावर पान उभे करणारा भाग म्हणजे इंजिन. ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा आणि २०२० पासून एजसुद्धा, या सर्वांच्या आत क्रोमचाही पाया असलेल्या क्रोमियम प्रकल्पाचे ब्लिंक इंजिनच चालते. क्रोमियमही ओपन सोर्स आहे, हे खरे. परंतु त्याच्या विकासाची सूत्रे मुख्यत्वे गूगलच्या हाती आहेत. त्यामुळे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची) जुनी पद्धत बंद करण्याचा निर्णय तेथे झाला, तेव्हा तो स्वीकारणे किंवा स्वतःच्या बळावर जुनी सोय टिकवणे, एवढेच या इतर ब्राउझरांच्या हाती उरले.

म्हणून मी फायरफॉक्स सुचवतो. नेटस्केप या कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० प्रसिद्ध झाला. त्याचे गेको हे इंजिन स्वतंत्र आहे. आयफोनवर मात्र, युरोपीय संघासारख्या ठिकाणची सवलत वगळता, अ‍ॅपलच्या नियमामुळे फायरफॉक्सलाही वेबकिट हे अ‍ॅपलचे इंजिनच वापरावे लागते, म्हणून फायरफॉक्सची परीक्षा संगणकावर किंवा अँड्रॉइडवर घ्या.

जुना ब्राउझर काढून टाकू नका, पण दोन आठवडे फायरफॉक्सला डीफॉल्ट, म्हणजे लिंक आपोआप उघडणारा ब्राउझर, ठेवा. अन्यथा ईमेलमधील प्रत्येक लिंक जुन्याच ब्राउझरमध्ये उघडेल आणि तुम्ही नकळत तेथेच परताल. बुकमार्क आणि इतिहास थेट आणता येतात. पासवर्ड सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुराच्या तक्त्यातून) आणावे लागले, तर काम होताच ती फाइल कायमची पुसून टाका, कारण तिच्यातील पासवर्ड कोणालाही सरळ वाचता येतात. ही काळजी घ्यायला अनेक जण विसरतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो आहे.

फायरफॉक्समध्ये २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी, वेगळ्या कप्प्यात ठेवल्या जातात, त्यामुळे जाहिरात कंपन्यांना एका साइटवरून दुसऱ्या साइटवर तुमचा माग काढणे अवघड होते. एखादे पान नीट चालले नाही, तर पत्त्याच्या पट्टीतील ढालीच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्याच साइटपुरते संरक्षण बंद करा. पान चालू लागले, तर अडचण संरक्षणामुळे होती. न चाललेच, तर ती साइट केवळ क्रोमवर तपासून बनवली गेली असण्याची शक्यता आहे.

मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलशी केलेल्या शोधविषयक करारातून येतो, हेही तुम्हाला माहीत असायला हवे. शोधासाठी गूगल नको असेल, तर सेटिंग्जमध्ये दुसरे शोधयंत्र निवडता येते.

या दोन आठवड्यांत जी पाने जुन्या ब्राउझरमध्ये उघडावी लागली, त्यांची यादी ठेवा आणि मेनूमधून त्या बिघडलेल्या साइटची तक्रार नोंदवा. ती थेट मोझिलाकडे जाते.