एल बारियोचे यंग लॉर्ड्‌स

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील ईस्ट हार्लेम या वस्तीला तिथले, अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावरून आलेले पोर्तो रिकन रहिवासी ‘एल बारियो’ म्हणतात, म्हणजे नुसतेच ‘मोहल्ला’. १९६९ च्या उन्हाळ्यात ‘यंग लॉर्ड्‌स’ या संघटनेची विशीच्या आसपासची काही मुले-मुली या मोहल्ल्यात घरोघरी फिरून लोकांना विचारत होती की, तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? त्यांच्या डोक्यात क्रांती होती आणि पोर्तो रिकोचे स्वातंत्र्य होते. लोकांनी मात्र उत्तर दिले, ‘ला बासुरा’. कचरा.

मग ही मुले रस्ते झाडू लागली. नगरपालिकेच्या सफाई खात्याकडे त्यांनी झाडू मागितले आणि ते मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी ते सरळ उचलून आणले. भरलेला कचरा न्यायला गाड्या येईनात, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने तो थर्ड ॲव्हेन्यूच्या मधोमध रचला आणि काही ठिकाणी पेटवूनही दिला. वाहतूक अडली, तेव्हा कुठे शहराचे या मोहल्ल्याकडे लक्ष गेले.

‘यंग लॉर्ड्‌स’ हे नाव शिकागोतून आले होते. तिथे ही मुळात रस्त्यावरची एक टोळी होती. तिचा म्होरक्या होसे ‘चा चा’ हिमेनेस याला तुरुंगात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लढाऊ संघटनेच्या विचारांची ओळख झाली आणि १९६८ मध्ये त्याने टोळीचे रूपांतर राजकीय संघटनेत केले. त्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्याही संस्थापकांत कवी होते, हे मराठी प्रेक्षकांना वेगळे सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या शाखेचा पहिला अध्यक्ष फेलिपे लुसियानो हादेखील कवीच होता. ढोलाच्या ठेक्यावर कविता म्हणणाऱ्या ‘लास्ट पोएट्स’ या गटात तो वावरलेला होता. या कार्यकर्त्यांची एक अडचण सहसा सांगितली जात नाही: त्यांच्यातील अनेक जण न्यूयॉर्कमध्येच वाढले होते, त्यांचे इंग्रजी फर्डे होते, पण आईवडिलांच्या स्पॅनिशमध्ये ते अडखळत. त्यांच्या भाषणाला बेटावरून आलेली आजी कदाचित मान हलवणार नाही, परंतु कोंगा हा हाताने वाजवायचा ढोल आणि क्लावे यांचा ताल तिच्या ओळखीचा होता. क्लावे म्हणजे एकमेकांवर वाजवायच्या दोन आखूड लाकडी काठ्या. त्यांचे पाच ठोके कानी पडले की बाकीच्या वाद्यांना आपली जागा सापडते. लॉर्ड्‌सच्या चळवळीत गाण्याचे कामही साधारण हेच होते, असे आम्हाला वाटते.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते १११ व्या रस्त्यावरील मेथडिस्ट चर्चमध्ये. आठवड्यात फार थोडा वेळ उघडणारी ही वास्तू मुलांच्या मोफत न्याहारीसाठी मिळावी, ही लॉर्ड्‌सची मागणी चर्चने नाकारली होती. २८ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी प्रार्थनेनंतर आतून दारे खिळे ठोकून बंद केली, आणि पुढचे अकरा दिवस ते ‘लोकांचे चर्च’ झाले. सकाळी मुलांना न्याहारी, मग कपडेवाटप, आरोग्य तपासणी, पोर्तो रिकोच्या इतिहासाचे वर्ग, आणि संध्याकाळी कविता आणि गाणी. व्हिएतनामहून परतलेला कवी पेद्रो पिएत्री याने इथे आपली शोककविता वाचली. तिच्यात राबराब राबून, कर्जातच मरणाऱ्या पाच स्थलांतरितांची नावे पुन्हा पुन्हा येतात.

‘के बोनिता बांदेरा’, म्हणजे ‘किती सुंदर हा ध्वज’, हे गाणे लॉर्ड्‌सच्या त्या काळाशी कायमचे जोडले गेले आहे. ते ‘डोंगरचा गायक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रामितोचे. पोर्तो रिकोत १९४८ च्या मुस्कटदाबी कायद्याने स्वतःचा ध्वज घरात बाळगणेही गुन्हा ठरवले होते, आणि तो कायदा १९५७ पर्यंत टिकला. त्यामुळे वरवर साध्या वाटणाऱ्या या ओळी गाताना थोरांचा आवाज का जड होत असेल, हे तरुणांना वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

७ जानेवारी १९७० रोजी पोलिसांनी १०५ जणांना अटक करून चर्च रिकामे केले. पुढच्या काही महिन्यांत लॉर्ड्‌सनी क्षयरोग तपासणीची एक्स-रे गाडी ताब्यात घेऊन मोहल्ल्यात आणली, आणि जुलैमध्ये साउथ ब्राँक्समधील मोडकळीला आलेल्या लिंकन रुग्णालयात घुसून रुग्णांच्या हक्कांची मागणी केली. नंतर मात्र मतभेद वाढले, शक्ती पोर्तो रिकोतील शाखांकडे वळवली गेली आणि मोहल्ल्यातली पकड सुटत गेली. लुसियानोचे अध्यक्षपद तर १९७० मध्येच गेले होते.

१९७२ मध्ये पियानोवादक एडी पाल्मिएरी यांनी हडसन नदीकाठच्या सिंग सिंग तुरुंगात केलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात निवेदक म्हणून ऐकू येतो तो फेलिपे लुसियानो. वाद्ये क्षणभर मागे सरतात आणि तो आपली कविता म्हणू लागतो. पोर्तो रिकोच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला तो कृष्णवर्णीय भाऊ म्हणून हाक मारतो, आणि समोर कैदी बसलेले असतात.