कणकुंबीच्या पाखरांचा हिवताप

[दृश्य: कणकुंबी, सकाळचं धुकं, उंबरावर धनेश]

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की कणकुंबी लागते. माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. शेजारी भीमगडचं अभयारण्य. उंबर पिकले की मलबार राखी धनेश असा जोडीनं येतो. पश्चिम घाटाबाहेर हा पक्षी जगात कुठंच नाही आणि आता त्याचं नाव धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

[दृश्य: ढाब्यामागचा सांडपाण्याचा खड्डा]

त्याच रस्त्यावरचा हा खड्डा. कॅमेरा पाण्याजवळ नेलाय, नीट बघा. शेपटाकडची नळी पाण्याबाहेर, डोकं खाली. क्युलेक्स डासाच्या अळ्या. घाण पाणी त्यांना मानवतं. हाच डास पक्ष्यांचा हिवताप पसरवतो.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचपट्टी]

हे रक्त गावठी कोंबडीचं. पंखाखालच्या शिरेतून एक थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका दमात ओढायचा. हात थांबला की थर जाड होतो आणि पट्टी वाया जाते. वाळली की मिथेनॉल, मग गिम्साचा रंग, मग पाण्यानं हलकं धुणं. आता सूक्ष्मदर्शकाखाली. पक्ष्याच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं, आपल्या पेशीला नसतं. जांभळ्या केंद्रकाला एका बाजूला रेटून बसलेला हा गोळा, त्यात काळपट कण. हा प्लाझ्मोडियम, हिवतापाचा परजीवी. पक्ष्यांचा हिवताप माणसाला होत नाही, पण माणसाच्या हिवतापाचं कोडं सुटलं ते पक्ष्यांमुळंच. 1898 साली कलकत्त्यात रोनाल्ड रॉस यांनी पाखरांवर प्रयोग केले. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि चाव्यातून निरोगी पाखरात उतरतो, हे त्यांनी दाखवलं. 1902 साली त्यांना नोबेल मिळालं.

[दृश्य: नकाशा, हवाई बेटं]

हवाई बेटांवर मुळात डासच नव्हते. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून आले, मागून हिवताप आला. तिथल्या मधपाखरांच्या पन्नासहून अधिक जातींपैकी आज 17 उरल्यात.

त्या उरल्यात उंचावर. साधारण 13 अंशांखाली हा परजीवी डासात वाढत नाही, त्यामुळं दीड हजार मीटरच्या वरची थंडी पाखरांची ढाल होती. हवा तापतेय, डास वर चढतायत. 2023 पासून माउई बेटावर वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडतात. नर चावत नाहीत. जंगली मादीशी त्यांचा संकर झाला की अंडी उबत नाहीत.

इथले डोंगर तेवढे उंच नाहीत. कणकुंबी आठशे मीटरच्या आसपास. इथं थंडीची ढाल नाहीच. मग आपली पाखरं टिकली कशी? या परजीवींसोबत ती पिढ्यान्‌पिढ्या जगत आलीत, काही अंशी सोसायला शिकलीत. दक्षिण सह्याद्रीतल्या उंच माथ्यांवरच्या शोला जंगलांत संशोधकांनी अनेक जातींच्या पक्ष्यांचं रक्त तपासलं. प्लाझ्मोडियम सापडला, त्याचा भाऊबंद हिमोप्रोटिअसही. पण सोसण्याला मर्यादा असते. जंगलाचे तुकडे पडले, खाणं घटलं, कडेला असे खड्डे वाढले, तर तोल किती दिवस राहील? पक्षीगणनेची यादी होते, छान फोटो निघतात. आम्हाला वाटतं, त्या यादीशेजारी रक्ताची काचपट्टीही हवी, वनखात्याच्या परवानगीनं आणि शिकलेल्या हातांनी.

[दृश्य: गवळीवाडा, टोपलीखालची पिल्लं]

दुसरा धोका चार पायऱ्या उतरलं की अंगणात. भात कापून झालं की रानकोंबडा शेताच्या कडेला दाणे टिपायला येतो, तिथंच गावठी कोंबड्या चरतात. राणीखेत ऊर्फ मानमोडी, तसंच देवी, हे रोग कोंबड्यांपुरते राहत नाहीत, रानपाखरांनाही होतात. देवी तर डासांच्या तोंडूनही जाते.

म्हणून आज वाड्यावर लस आलीय. बर्फाच्या थर्मासमध्ये लासोटाची, म्हणजे राणीखेतवरच्या लसीची बाटली. अडचण अशी की एक बाटली शंभर पिल्लांची आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. एका घरात दहा-बारा पिल्लं. मग सगळ्या वाड्यानं एकाच सकाळी टोपल्या आणायच्या. मावशी पिल्लू मुठीत धरतात, डोळ्यात एक थेंब टाकतात. पिल्लानं पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही.

"आधी एक रोग आला की खुराडं रिकामं व्हायचं बघा. आता शेजारणीला मीच हाक मारते, आण गं तुझी पिल्लं."

वाड्यानं आणखी दोन गोष्टी ठरवल्यात. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा रानात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. आणि पावसाआधी टायर, डबे, फुटके माठ उपडे करायचे. ढाब्यामागच्या खड्ड्याबद्दल पंचायतीकडे अर्ज गेलाय. रानात मेलेलं पाखरू दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका, जागा लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला किंवा जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. उशीर झाला की तपासायला काही उरत नाही.