चाल कुणाची? दोन साडूंची भानगड

श्रोतेहो, नमस्कार. अमेझिंग ग्रेस हे गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच, निदान सिनेमात तरी. घरात पेटी असेल तर वाजवून बघा, खालचा पंचम, मग सा, ग सा, ग, रे, सा, आणि परत खालचा धैवत, पंचम. अख्खी चाल पाच सुरांत, सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. शब्द जॉन न्यूटन या इंग्लिश पाद्र्याचे, 1779 साली छापलेले. पण चाल त्याची नाही. चाल छापलेली सापडते ती अमेरिकेत 1829 सालच्या एका पुस्तकात, तेव्हा न्यूटनला जाऊन बावीस वर्षं झालेली, आणि त्या पुस्तकात ती दोनदा आहे, दोन वेगळ्या नावांनी, गॅलहर आणि सेंट मेरीज. न्यूटनचे शब्द तिला जोडले ते विल्यम वॉकरने, 1835 साली, आणि तिला तिसरंच नाव दिलं, न्यू ब्रिटन. मूळ चाल बांधली कुणी हे आजपर्यंत कुणालाही सांगता आलेलं नाही. लक्षात ठेवा, शब्द न्यूटनचे, जोडणी वॉकरची, चाल बेवारस.

आता हा वॉकर आला की मला ती साडूंची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्ग नावाचं गाव. तिथला हा वॉकर गाणं शिकवायचा, गावोगाव फिरून शाळा घ्यायचा. त्या भागात विल्यम वॉकर नावाची माणसं इतकी की याला सगळे सिंगिंग बिली म्हणायचे, गाणारा बिली. त्याचा साडू बेंजामिन फ्रँकलिन व्हाइट, तोही गाण्याचाच वेडा, वयाने नऊएक वर्षांनी मोठा. गोलाइटली घराण्यातल्या दोन बहिणी, एमी दिली वॉकरला आणि थर्झा दिली व्हाइटला. आता दोन गाणारे साडू सणावाराला एकत्र आले की काय होणार, चाली गोळा करायच्या, म्हणून बघायच्या, लिहून काढायच्या. गोष्ट अशी सांगतात की दोघांनी मिळून पुस्तक तयार केलं, दोघांच्या नावावर काढायचं ठरलं, आणि हस्तलिखित घेऊन वॉकर उत्तरेला गेला, कारण छपाई व्हायची होती कनेटिकटमधल्या न्यू हेवनला. पुस्तक छापून आलं, सदर्न हार्मनी, 1835. मुखपृष्ठावर नाव एकट्या वॉकरचं! व्हाइटचा पत्ताच कट. आणि म्हणे त्या दिवसापासून हे दोन साडू एकमेकांशी कधी बोलले नाहीत. बायका सख्ख्या बहिणी, त्यांचं काय झालं असेल बिचाऱ्यांचं, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. (माझं आपलं स्पष्ट मत आहे, साडू-साडूंनी भागीदारीत काही करू नये, दुकान नाही, शेत नाही आणि पुस्तक तर नाहीच नाही.)

व्हाइट चिडून म्हणा किंवा पोटापाण्यासाठी म्हणा, बिऱ्हाड उचलून जॉर्जियात हॅरिस काउंटीत गेला आणि तिथे ई. जे. किंगला सोबत घेऊन त्याने 1844 साली स्वतःचं पुस्तक काढलं, सेक्रेड हार्प. इकडे वॉकर आपल्या नावापुढे ए. एस. एच. लिहायला लागला, म्हणजे ऑथर ऑफ सदर्न हार्मनी, जशी काही डिग्रीच. ती अक्षरं त्याच्या थडग्यावरसुद्धा आहेत. पण काळाचा न्याय बघा, आज जगभर लोक चौकोन करून बसतात, मधे एकजण हाताने ताल देतो आणि खच्चून गातात, ते मुख्यतः साडूच्या पुस्तकातून.

गंमत म्हणजे ही जी भांडणाची गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली ती लिहिलेली मिळते जो जेम्स नावाच्या वकिलाच्या 1904 सालच्या पुस्तकात. वॉकर वारला 1875 ला, व्हाइट 1879 ला. म्हणजे दोघांपैकी एकालाही हो की नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून अभ्यासक या गोष्टीकडे जरा जपूनच बघतात. मी सांगतो, कारण मला ती आवडते.

बरं, मग वॉकर चोर का? तर नाही, असं सरसकट नाही म्हणता येत. कारण त्याने प्रस्तावनेत उघड लिहिलंय, की बऱ्याच चांगल्या चाली मला कुठल्या छापील पुस्तकात किंवा हस्तलिखितात मिळाल्या नाहीत, त्यांचे बाकीचे आवाज मी रचले आणि कर्ता म्हणून माझं नाव घातलं. आता हे नीट ऐका. त्यांच्या पद्धतीत एकाच वेळी तीन आवाज तीन वेगवेगळ्या ओळी गातात, आणि मुख्य चाल टेनरमध्ये, म्हणजे मधल्या ओळीत. वर ट्रेबल, खाली बेस. ती मधली ओळ लोकांच्या तोंडची, कुणा म्हातारीने म्हटलेली, कुठल्या लोकगीतावरून उचललेली, आणि वरची-खालची ओळ ज्याने लिहिली त्याचं नाव पानाच्या कोपऱ्यात. वंड्रस लव्ह नावाचं भजन घ्या, शब्दांचा छंद थेट कॅप्टन किड या फाशी गेलेल्या चाच्यावरच्या गाण्याचा, आणि सदर्न हार्मनीच्या 1840 च्या आवृत्तीत कोपऱ्यात नाव, क्रिस्टोफर. परत सांगतो, कोपऱ्यातलं नाव म्हणजे चाल ज्याला सुचली तो, असं नाही.

आणि उलटाही प्रकार आहे. लोवेल मेसन या अमेरिकन संगीतकाराने 1822 साली बॉस्टनमध्ये भजनांच्या चालींचा मोठा संग्रह काढला आणि स्वतःचं नावच घातलं नाही, कारण तो तेव्हा बँकेत नोकरीला होता, गाणारा-बजावणारा म्हणून ओळख नको होती. याच बॉस्टनमधल्या मिशन संस्थेचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले, पुढे नगरला गेले, आणि अमेरिकन चाली मराठी उपासनेत शिरल्या. रेव्हरंड टिळकांनी मात्र अभंग-कीर्तनाची वाट धरली, आणि विचाराल तर बरंच केलं, आपल्या भाषेला त्या इंग्रजी भजनांचा चार ओळींचा साचा आवळतोच.

या चाली शोधायच्या कशा? नावं दर पुस्तकात बदलतात, म्हणून नाव सोडायचं आणि सूर धरायचे. निकोलस टेम्परली या अभ्यासकाने 1820 पर्यंतच्या छापील इंग्रजी भजनांच्या चाली आकड्यांत मांडल्या, सा म्हणजे 1, रे म्हणजे 2, असं. मग पट्टी कुठलीही असो, आकडे जुळले की चाल तीच, आणि सगळ्यात जुनं छापील पान कुठलं ते कळतं. पण छापायच्या आधी ती कुणाच्या तोंडी होती, तिथे आकडे गप्प. आणि आमच्याच काही निवेदकांना तर आज, सगळं लिहून हातात दिलेलं असताना, संगीतकाराचं नाव घ्यायचा कंटाळा येतो, नुसतं गायकाचं नाव सांगून मोकळे होतात, त्याबद्दल मी स्टेशनवर भांडून झालोय, असो.

आता वंड्रस लव्ह लावतोय. क्रिस्टोफरची चाल म्हणा किंवा चाच्याची म्हणा, पण वरच्या आवाजामागे जाऊ नका, चाल मधल्यात आहे.